काटा येतो की आणतात?

घाम येतो, शिंक येते, रडू येतं, अंगावर काटा येतो. मराठीत ही मंडळी आपली आपण येतात. ‘मी चाललो’ म्हणताना कर्ता मी असतो, ‘मला शिंक आली’ म्हणताना कर्ता शिंक. शरीरशास्त्र जे सांगतं, ते व्याकरणाला आधीच ठाऊक होतं म्हणायचं. आज बोलायचंय ते या व्याकरणात न बसणाऱ्या माणसांबद्दल.

आधी एक करा. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा. आता श्वास घ्या आणि अगदी सावकाश सोडा. सोडताना ठोके जरा लांबले? सगळ्यांना नाही जाणवणार, पण बऱ्याच जणांना जाणवेल. म्हणजे हृदय तुमचं ऐकतं का? नाही. ऐकलं ते श्वासाने, हृदय त्याच्या मागून आलं. ही मागच्या दाराची वाट लक्षात ठेवा, कारण बरेचसे चमत्कार याच दाराने आत येतात.

‘हृदय थांबवणाऱ्या’ योग्यांचंच घ्या. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी अशा योग्यांना यंत्र लावून तपासलं आणि १९६१ साली निष्कर्ष छापले. मनगटाची नाडी लागेना, स्टेथोस्कोपमध्ये ठोका ऐकू येईना, पण ईसीजीचा कागद सांगत होता की हृदय चालूच आहे. श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि नाडी हाताला लागेनाशी होते. याला मी लबाडी म्हणणार नाही. कौशल्यच आहे ते, फक्त श्वासाचं आणि स्नायूंचं.

मला खरं कोडं वाटतं ते काट्याचं. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. तो आकसला की केस उभा राहतो आणि भोवतालची कातडी फुगते. हा स्नायू दंडाच्या स्नायूसारखा नाही, आतड्याच्या भिंतीतल्यासारखा आहे. त्याला हुकूम मिळतो तो स्वायत्त मज्जासंस्थेकडून, थंडी वाजली, भीती वाटली किंवा एखादा सूर काळजाला भिडला की. इच्छेची तार तिथवर जातच नाही, असं पुस्तक सांगतं. तरीही मनात आणलं की काटा आणणाऱ्या माणसांच्या नोंदी आहेत. १९३८ साली अशा एका माणसाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि २०१८ साली एकदम ३२ जणांचा.

मग इथेही मागचं दार असेल का? थंडीची कल्पना, एखादी आठवण? आंबट आठवलं की तोंडाला पाणी सुटतं, तसंच काहीसं? शंका रास्त आहे. पण जर्मनीत उल्म इथल्या संशोधकांनी २०२१ साली डोळ्याच्या बाहुल्या हव्या तेव्हा लहानमोठ्या करणाऱ्या एका विद्यार्थ्याची माहिती छापली. त्याला उजेडाची वा अंधाराची कल्पना करावी लागत नव्हती. बाहुली लहान करताना काहीतरी आवळल्यासारखं वाटतं, एवढंच तो सांगत होता. एका माणसावरून नियम बांधू नये, हे मान्य. पण मागचं दार दाखवा म्हटलं, तर इथे मला ते सापडत नाही.

(कानात हवं तेव्हा घरघर करता येणारे इथे दोन-चार तरी असतील. तो मध्यकर्णातला इवला स्नायू, पण दंडाच्याच जातीचा. त्यामुळे त्याचं मला तितकंसं नवल नाही.)

मागे अशाच एका व्याख्यानानंतर एक बाई भेटल्या. बाही वर सारून म्हणाल्या, “थांबा हं, आणते.” क्षणभर त्यांनी मान किंचित ताठ केली. कोपरापासून मनगटाकडे कातडीवर बारीक दाणे उठत गेले, लव उभी राहिली, आणि दहा-बारा सेकंदांत सगळं पुन्हा सपाट. कसं करता, विचारलं तर म्हणाल्या, “मानेमागून सोडायचं.” काय सोडायचं, ते त्यांना सांगता येईना. उलट मलाच विचारलं, “म्हणजे तुम्हाला आणता येत नाही?”