बाद फेरी आणि पिचरचा खांदा: अमेरिकेतलं शालेय बेसबॉल

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना लागला की अमेरिकेत शाळांच्या बेसबॉलला भलताच रंग चढतो. तिकडे आपली कुणी मुलं नववी ते बारावीत खेळत असतील, तर फोनवर ऐकू येतं, ‘डिस्ट्रिक्ट जिंकलं, आता बाय-डिस्ट्रिक्ट.’ म्हणजे शाळांच्या गटातली साखळी जिंकली, आता पहिली बाद फेरी. इकडच्या आजीला प्रश्न पडतो, जिंकलात ना, मग अजून किती उरलंय? आज तेच बघू.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. अख्ख्या अमेरिकेचा असा शालेय विजेता नसतोच. नियमांचं पुस्तक काढणारी एक राष्ट्रीय संघटना इंडियानापोलिसला आहे, पण स्पर्धा भरवते ती प्रत्येक राज्याची आपापली संघटना. नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी इथे वसंतात निमंत्रित शाळांची एक मोठी स्पर्धा होते खरी, पण ती निमंत्रितांचीच. देशाचा एक विजेता न ठरण्याचं कारण सरळ आहे. दक्षिणेत फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो, तेव्हा उत्तरेतली मैदानं बर्फाखाली असतात. कॅलिफोर्नियात तर राज्याचा एक विजेताही ठरत नाही. तिथे दहा विभाग आहेत, त्यांचे आपापले विजेते ठरतात, त्यावर उत्तर आणि दक्षिण अशा दोन प्रादेशिक स्पर्धा होतात, आणि संपलं. उत्तरेचा विजेता दक्षिणेच्या विजेत्याशी खेळत नाही.

टेक्ससचं गणित सगळ्यात नीट समजतं, म्हणून ते घेऊ. शाळांचे पटसंख्येवरून सहा वर्ग पाडतात. १ए सगळ्यात लहान, ६ए सगळ्यात मोठा, आणि ही वर्गवारी दर दोन वर्षांनी नव्याने होते. ६ए मध्ये ३२ डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचे गट. डिस्ट्रिक्टमधल्या शाळा आपसांत साखळी खेळतात आणि पहिल्या चार पुढे जातात. ३२ चोक १२८ संघ. दर फेरीत निम्मे घरी, म्हणजे विजेता ठरायला सात फेऱ्या लागायच्या. २०२५ च्या हंगामापासून पात्र ठरलेल्या चौघांतल्या पटाने मोठ्या दोन शाळा पहिल्या विभागात आणि लहान दोन दुसऱ्या विभागात घालतात. त्यामुळे प्रत्येकी ६४ संघ, सहा फेऱ्या आणि एका वर्गात दोन विजेते. करंडक स्वस्त झाला अशी कुरकुर होते, आणि ती अगदीच चुकीची नाही. पण २,३०० मुलांच्या शाळेला ५,००० मुलांच्या शाळेसमोर उभं करण्यापेक्षा हे बरं.

इंडियानात वेगळाच बाणा. तिथे पात्रता वगैरे काही नाही, शाळेने संघ उतरवला की ती स्पर्धेत आलीच. सेक्शनल, रीजनल, सेमी-स्टेट अशा एकामागून एक फेऱ्या आणि मग इंडियानापोलिसच्या व्हिक्टरी फील्डवर अंतिम सामना. सेक्शनलची सोडत चिठ्ठ्या टाकून निघते, मानांकन नाही. हंगामभर न हरलेले दोन शेजारी पहिल्याच दिवशी भिडू शकतात, आणि त्यातला एक त्याच संध्याकाळी किट आवरतो. याउलट मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात गुणांकनावरून संघ एकाखाली एक लावतात. तुम्ही किती जिंकलात एवढंच नाही, कुणाला हरवलंत तेही त्यात धरतात. म्हणून तिथले कोच हंगामाचं वेळापत्रक आखतानाच दोन-चार तगडे प्रतिस्पर्धी मुद्दाम घेतात.

आता मुख्य मुद्दा. बाद फेरी कागदावर संघांची असते, प्रत्यक्षात ती पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, खांद्याची असते. शालेय सामना सात इनिंगचा, आणि एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात. पूर्वी बऱ्याच ठिकाणी मर्यादा इनिंगवर असायची, आणि सात इनिंगमध्ये पोरगा किती चेंडू टाकतो ते कुणी धरत नसे. कोपराच्या शस्त्रक्रिया वाढल्या, तेव्हा २०१७ च्या हंगामापासून प्रत्येक राज्याला चेंडूंवर आधारित मर्यादा घालणं बंधनकारक झालं. आकडे राज्याने ठरवायचे. टेक्ससमध्ये एका दिवसात जास्तीत जास्त ११० चेंडू. ८६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. ६६ ते ८५ ला तीन दिवस, ४६ ते ६५ ला दोन, ३१ ते ४५ ला एक. तीसपर्यंत टाकले तर विश्रांती सक्तीची नाही.

हे आकडे पाठ असले की सामन्यातल्या कोड्यासारख्या गोष्टी उलगडतात. छान टाकणाऱ्या मुलाला कोच अचानक २८ व्या चेंडूनंतर का काढतो? उद्या तो पुन्हा हवा असतो, म्हणून. आता पाऊस घ्या. हुकमी पिचरने गुरुवारी ९५ चेंडू टाकले. शुक्रवार ते सोमवार विश्रांती, मंगळवारी तो मोकळा, आणि पुढची फेरी गुरुवारी, म्हणजे झकास. पण गुरुवारचा सामना पावसाने सोमवारवर गेला तर? टेक्ससमध्ये रविवारी शालेय सामने होत नाहीत. सोमवारी ९५ टाकले की मंगळवार ते शुक्रवार विश्रांती, आणि तो थेट शनिवारी मिळतो. पुढच्या फेरीचा पहिला सामना हातचा गेला म्हणून समजा.

मोजायचं कुणी? दोन्ही संघांचा एकेक माणूस वही किंवा टॅबलेट घेऊन बसतो, आणि अर्धी इनिंग संपली की आकडे जुळवतात. गडबड होते ती फाउलच्या, म्हणजे रेषेबाहेर टोलवलेल्या, चेंडूंवर. जाळीकडे गेलेला फाउल बघता बघता खूण करायची राहते. फरक लगेच मिटवायचा, पाचव्या इनिंगला उकरून काढायचा नाही. कारण विश्रांतीत असलेला पिचर चुकून उतरवला, तर अनेक राज्यांत जिंकलेला सामनाही गमवावा लागतो.

म्हणूनच एक सामना की तीनपैकी दोन, हा प्रश्न जीवनमरणाचा. टेक्ससमध्ये अनेक वर्षं दोन्ही कोच आपसांत ठरवत, आणि नाही जमलं तर नाणं उडवत. ज्याच्याकडे एकच तोफ, त्याला एक सामना हवा. ज्याच्याकडे तीन बरे पिचर, त्याला मालिका हवी. पहिला चेंडू पडण्याआधीच अर्धी फेरी नाण्यावर ठरायची! जॉर्जियात हा वाद नाही. तिथे तीनपैकी दोन. पहिले दोन सामने एकाच दिवशी पाठोपाठ, आणि बरोबरी झाली तर तिसरा दुसऱ्या दिवशी. पेनसिल्व्हेनियात एक हार म्हणजे खेळ खल्लास.

तिसरा प्रकार दुहेरी बादचा, म्हणजे दोनदा हरलात की बाहेर. आठ संघ असतील तर १४ किंवा १५ सामने होतात. हा ‘किंवा’ का? सात संघ दोनदा हरायला १४ पराभव लागतात. विजेता एकदा हरलेला असेल तर पंधरावा. एकदा हरलेल्यांच्या खालच्या फळीतून वर येणाऱ्या संघाला अपराजित संघाला लागोपाठ दोनदा हरवावं लागतं, आणि तोवर त्याचे पिचर संपलेले असतात. कागदावर दुसरी संधी सगळ्यांना सारखी. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी हरणाऱ्याला तिचा फारसा उपयोग होत नाही.

मैदानावरच्या दोन बारीक गोष्टी. सामन्याआधी होम प्लेटजवळ, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथे, अंपायर दोन्ही कोचना विचारतात, सगळ्यांची साधनं नियमात आहेत ना? धातूच्या बॅटवर बीबीसीओआरचा, म्हणजे बॅटवरून चेंडू मर्यादेतच उसळतो असं सांगणारा, शिक्का लागतो, आणि इंचांतली लांबी व औंसांतलं वजन यांत तीनहून जास्त फरक चालत नाही. म्हणजे ३३ इंची बॅट किमान ३० औंसांची. धाकट्या भावाची हलकी बॅट घेऊन कुणी खेळायला उभा राहिला, की तो बाद. आणि विजांचं म्हणाल तर गडगडाट ऐकू आला की सगळे आत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, मध्ये पुन्हा वाजलं तर घड्याळ पहिल्यापासून. दहा धावांची आघाडी असेल, तर बऱ्याच राज्यांत पाच इनिंगनंतर सामना संपवतात.

आयोवाचं मात्र वेगळं. तिथे शालेय बेसबॉल उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळतात आणि राज्य स्पर्धा जुलैत होते. तेव्हा कुणाकडे जुलैत मुक्कामाला जाणार असाल आणि राज्य स्पर्धा बघायचीच असेल, तर तिकीट आयोवाचं काढा.