नाराईची देवळं कशी पाहावीत

मित्रहो, जपानमध्ये जुनी गावं बघायला जाणारे आपले बरेचसे प्रवासी लाकडी घरांचे फोटो काढतात, सोबा खातात आणि पुढच्या गाडीने निघून जातात. नाराईला एवढंच केलं तर गाव हाती लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हे गाव देवळांकडून बघायला लागावं.

एदो, म्हणजे आजचं तोक्यो, तिथून डोंगरातून क्योतोला जाणारा रस्ता म्हणजे नाकासेन्दो. लांबी सुमारे 530 किलोमीटर, वाटेत मुक्कामाची 69 गावं, आणि एदोकडून मोजलं तर नाराई चौतिसावं. सरदारांनी आलटून पालटून एदोत राहायलाच हवं, असा नियम शोगुनने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाने, 1635 मध्ये घातला. मग त्यांचे लवाजमे, व्यापारी, यात्रेकरू, सगळे या रस्त्यावर आले. घोडे आणि हमाल पुरवायचे, थोरांना 'होन्जिन'मध्ये आणि बाकीच्यांना साध्या खाणावळीवजा घरांत उतरवायचं, हे या गावांचं काम. नाराई किलोमीटरभर लांब, एकाच रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेलं. इतकं मोठं का? कारण पुढे तोरिई खिंड आहे. गावच 940 मीटरवर, खिंड जवळजवळ 1200 मीटरवर. थंडीत बर्फ. खिंडीची चढण सुरू करण्याआधी माणूस इथे थांबायचाच.

आता देवळं कुठे आहेत ते बघा. खिंडीची वाट जिथे सुरू होते तिथेच शिझुमे देऊळ आहे. 1618 साली गावात साथ आली, ती शमवण्यासाठी दूरच्या कातोरीहून देव आणून इथे बसवला, असं स्थानिक परंपरा सांगते. रस्त्यावर जगणाऱ्या गावाला रोगही रस्त्यानेच भेटतो! देव वेशीवर का बसवला, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, देवदारसारख्या उंच सुगी वृक्षांच्या रांगेजवळ हाचिमान या युद्धदेवतेचं देऊळ आहे. ते ईशान्येचं रक्षण करतं. आपल्याकडे ईशान्य देवांची दिशा. देवघर तिथेच हवं असा आग्रह असतो. जपानी समजुतीत मात्र अरिष्ट त्याच दिशेने शिरतं, म्हणून तिथे पहारा.

हाचिमानजवळच सुमारे दोनशे दगडी मूर्ती ओळीने बसवल्या आहेत. माझ्या मते नाराईत सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे. पुढे मेइजी काळात (1868 ते 1912) नवा रस्ता आणि लोहमार्ग काढताना आसपास विखुरलेल्या या मूर्ती गोळा करून एकत्र ठेवल्या. त्यांतल्या पुष्कळ जिझोच्या. जिझो म्हणजे आपला क्षितिगर्भ बोधिसत्त्व, वाटसरूंचा आणि लहान मुलांचा सांभाळ करणारा. त्यांच्यात कान्नोनही आहेत, म्हणजे अवलोकितेश्वर. नाकासेन्दोच्या कडेला तर डोक्यावर घोड्याचं मुख असलेला बातो कान्नोन ठिकठिकाणी भेटतो. ओझी वाहून मेलेल्या घोड्यांसाठी लोकांनी ते दगड उभे केले. जनावराच्या कष्टांची अशी आठवण ठेवणारा रस्ता मला फार मोठा वाटतो.

आणि हा अवलोकितेश्वर आपल्याला परका नाही. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात, कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात तो उभा आहे. भोवती सिंह, हत्ती, आग, चोर, बुडणारं जहाज अशी संकटं कोरलेली आणि त्यात सापडलेली माणसं त्याचा धावा करताहेत. ही लेणी ज्यांनी कोरवली त्यांनाही प्रवासाचं भय पुरतं ठाऊक होतं. नाराईला जाण्याआधी ही शिल्पं बघून जा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

घरांच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी पाच मठ आहेत. त्यांतल्या दाइहोजीत मांडीवर मूल घेतलेली एक शिर नसलेली दगडी मूर्ती आहे. मुलाच्या हातातल्या फुलाच्या टोकाला क्रूस दिसतो. ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना कुणी तरी मेरीमातेला जिझोच्या रूपात पुजत असणार, असं मानतात.

रेल्वे 1909 मध्ये नाराईला आली आणि रस्त्याने चालणारे संपले. गाव मागे पडलं, म्हणून जुनी घरंही टिकली. 1978 मध्ये त्याला संरक्षित वस्तीचा दर्जा मिळाला.

जमेल त्यांनी खिंड चढून पलीकडे याबुहाराला उतरावं, तिथून पुढची गाडी मिळते. अस्वलांसाठी पिशवीला घंटा बांधा. खिंडीच्या अलीकडचं पाणी जपानच्या समुद्राला जातं, पलीकडचं पॅसिफिकला. वर एक तोरिई, म्हणजे जपानी देवळाची कमान आहे, ओन्ताके पर्वताकडे तोंड केलेली. पर्वतावर जाऊ न शकणारे इथूनच नमस्कार करत. याच ओन्ताकेचा 2014 मध्ये उद्रेक झाला आणि साठाहून अधिक गिर्यारोहक मरण पावले किंवा बेपत्ता झाले. आकाश स्वच्छ असेल तर तो तिथून दिसतो.