चौथं शील

जय भीम, नमस्कार मंडळी. विहारात वंदनेला बसलो की पाचही शीलं आपण एका दमात म्हणतो, लहानपणापासून तोंडपाठच ती, आणि बाहेर येऊन चप्पल घालतोय तोच फोन वाजतो, कुठे आहेस रे, तर आपण बिनधास्त सांगतो, अगं रस्त्यातच आहे, पाच मिनिटात पोचतो. झालं! मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं न बोलण्याचं चौथं शील, गेलं पायरीवरच.

पाचातलं सगळ्यात जास्त मोडतं ते हेच, असं मला तरी वाटतं. ऑफिसचं पेन, प्रिंटआऊट घरी येतं ते दुसरं शील, चोरी न करण्याचं, ते पण मोडतं म्हणा. पण पाचव्या शीलातल्या दारूवर कशी सगळ्यांची नजर असते, कोण पितो ते अख्ख्या वस्तीला माहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू पिणार नाही हे आहे तसंच खोटं बोलणार नाही हे पण आहे, मग खोटं बोलला म्हणून कोणाला वस्तीत कुणी टोकलेलं ऐकलंय का तुम्ही?

आणि सम्यक वाचा, म्हणजे बुद्धांनी सांगितलेलं योग्य बोलणं, हे नुसतं खोटं टाळणं नाही हां, चुगली नको, लागेल असं बोलणं नको, फालतू बडबड पण नको. आता एवढं सगळं वगळलं तर आपल्या फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगशिवाय काय उरेल सांगा! खरं की खोटं न बघता पुढे ढकलायचं आणि वर म्हणायचं, मला आलं तसं पाठवलं.

वाईट वाटतं ते पोरांचं. बाबा घरी नाहीत म्हणून सांग, हे आपणच शिकवतो. बुद्धांनी आपल्या मुलाला, लहानग्या राहुलला, भांड्यात थोडंसं पाणी ठेवून दाखवलं, जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही त्याचं श्रमणपण, म्हणजे भिक्खूपण, एवढंसंच, मग ते पाणी ओतून टाकलं, भांडं पालथं केलं, आणि सांगितलं की गमतीत सुद्धा खोटं बोलायचं नाही. गमतीत सुद्धा! आपली अर्धी गंमत तिथेच संपली की.

सम्राट अशोकाने राजस्थानात बैराटच्या शिलालेखात, भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी पण वारंवार ऐकावेत असे सात उपदेश नावं घेऊन कोरलेत, त्यात राहुलला केलेला हा खोटं बोलण्याबद्दलचा उपदेश आहे. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी पण उपासक मंडळींचं घोडं इथेच अडत असणार.