पानवेली काढल्या, पण टाकल्या कुठं?

नमस्कार मंडळी. पूर ओसरून पाणी संथ झालं की आपल्या गोदावरीवर पानवेलींचा, म्हणजे जलपर्णीचा, हिरवा थर चढायला लागतो आणि मग सगळे वैतागतात, ते बरोबरच आहे, कारण खाली पाण्याला ना हवा मिळते ना उजेड. पण एक वेल उचलून उलटी करून बघा. फुगीर देठात हवा भरलेली, म्हणून ती तरंगते, आणि खाली काळपट जांभळ्या मुळांचा दाट झुपका लोंबतो. खरं काम करतात ती ही मुळं. पाण्यात विरघळलेलं शिसं, कॅडमियम, झिंक, क्रोमियम ती ओढून घेतात, काही बाहेरच चिकटतं, काही आत जातं, आणि बरंचसं मुळातच अडकून राहतं, पानापर्यंत कमीच पोचतं. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात क्रोमियमचं जे हेक्झाव्हॅलंट रूप असतं, फार विषारी, ते मुळांत गेल्यावर बरंचसं ट्रायव्हॅलंट रूपात बदलतं, म्हणजे त्यामानाने सौम्य. वाळा, पाणकणीस, अझोला यांनाही हे जमतं.

पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची तर ०.००३, इतकं थोडं असलं तरी ते महत्त्वाचं आहे.

आता कळकळीने सांगतो, धातू कुजत नाही. वेल कुजते, शिसं शिसंच राहतं. वेली काढून काठावर ढीग लावला की पहिल्या पावसात सगळं परत नदीत, आणि खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेलं, पक्ष्यांचं अभयारण्य. म्हणजे मेहनत पण वाया आणि विष पण तिथंच!

म्हणून या वेली नदीत नाही, कारखान्याच्या ईटीपीनंतर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेनंतर) बांधलेल्या उथळ टाक्यांत वाढवायच्या, कुजायच्या आत मुळासकट काढायच्या, वाळवून तपासायच्या आणि धातू जास्त निघाला तर घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायच्या. ईटीपी बंद ठेवून नुसत्या वेलींवर भागणार नाही, जास्त धातू असलेल्या पाण्यात त्या स्वतःच मरतात.

आणि नाशिकच्या सातपूर, अंबड या कारखान्यांच्या भागांच्या खालच्या अंगाला, नासर्डी नदीकाठी ज्यांची जनावरं आहेत त्यांना हात जोडून विनंती, तिथल्या वेली गाईम्हशींना घालू नका. खत करायचं असेल तर आधी लॅबमध्ये जड धातूंची तपासणी करून घ्या, तीसुद्धा मुळांची.