चार इंचांचा पन्हा: कुमासीचे विणकर आणि विद्यापीठ

तुम्ही सगळे टेक्स्टाइलचे विद्यार्थी, म्हणून प्रास्ताविक टाळतो आणि थेट मागावर येतो. घानातल्या कुमासी शहराजवळ बॉनविरे नावाचं गाव आहे. तिथे केंटे नावाचं नक्षीदार कापड हातमागावर अरुंद पट्ट्यांत विणतात. पट्टीचा पन्हा जेमतेम चार इंच. अशा अनेक पट्ट्या कडेला कड जोडून शिवल्या की अंगावर घ्यायचं वस्त्र तयार होतं. ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, तुळईवर (मागाच्या आडव्या दांड्यावर) गुंडाळलेला नसतो. तो विणकराच्या समोर लांबवर पसरलेला असतो आणि टोकाला दगडाचं वजन ठेवलेली फळी असते. विणकाम होईल तशी फळी जमिनीवरून घसटत पुढे येते. ताण कायम राखायला यंत्रमागावर काय काय बसवावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको!

खरी गंमत पुढे आहे. धागे उचलणाऱ्या दोऱ्यांच्या दोन जोड्या असतात आणि त्या विणकर पायाच्या बोटांनी ओढतो. पहिली जोडी एकाआड एक धागा उचलते, तेव्हा ताणा वर दिसतो. दुसरी जोडी धाग्यांचे गठ्ठे उचलते. मग बाणा, म्हणजे आडवा धागा, ठासून बसतो आणि ताणा पार झाकला जातो. एकाच ताण्यावर शेजारी शेजारी दोन वेगळ्या जातीच्या विणी. नक्षीसाठी धागे आपोआप उचलणारं जॅकार्ड यंत्र नाही, नक्षी आखायला आलेख कागद नाही.

कुमासीतच क्वामे एन्क्रुमा विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. १९५२ मध्ये अचिमोटाहून कलाशाळा तिथे हलवली गेली, त्यामुळे चित्रकार आणि इंजिनिअर पहिल्यापासून एकाच आवारात. एल अनात्सुई हे शिल्पकार तिथलेच विद्यार्थी. बाटल्यांची चपटी केलेली बुचं तांब्याच्या तारेने जोडून ते भिंतभर ‘कापड’ उभं करतात. १९७२ मध्ये विद्यापीठाने तंत्रज्ञान सल्ला केंद्र काढलं. पुढे १९८० मध्ये त्याने सुआमे मॅगझिनमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या अफाट वस्तीत, प्रत्यक्ष कार्यशाळा थाटली. कारागिराने विद्यापीठाच्या फाटकाशी यावं, ही अपेक्षाच त्यांनी सोडून दिली. मला हे फार मोठं वाटतं. याच केंद्राने रुंद पन्ह्याच्या हातमागांचाही प्रसार केला. रोजच्या कापडाला ते ठीक. केंटेला नाही, कारण तिथे पन्हा वाढवला की नक्षीची रचनाच मोडते.

जवळच्या न्टोन्सो गावात आदिंक्रा, म्हणजे पारंपरिक चिन्हांचं कापड, छापतात. झाडाची साल कुटून, उकळून काकवीसारखा दाट रंग करायचा आणि वाळक्या भोपळ्याच्या कवटीत कोरलेल्या ठशांनी तो कापडावर उठवायचा. यातल्या काही चिन्हांत लॉगरिदमी सर्पिल आहे, म्हणजे बाहेर जाताना ठरावीक पटीने रुंदावत जाणारं वळण. अमेरिकन संशोधक रॉन एग्लॅश आणि सहकाऱ्यांनी त्यावर सॉफ्टवेअर केलं: मुलं कोड लिहून चिन्ह काढतात आणि त्यातून भूमिती शिकतात. घानातल्या शाळकरी मुलांवरच्या एका छोट्या अभ्यासात हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची कामगिरी साधं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांपेक्षा सरस ठरली.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने केंटेच्या कारागिरीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बाजार मात्र छापील नकलांनी भरलाय, आणि विणकराच्या पोटावर पाय येतो तो तिथे. तेव्हा केंटे विकत घ्याल तर आधी शिवण शोधा. दर चार इंचांवर ती हाताला लागायला हवी. छापील कापड सलग पन्ह्याचं असतं.