अननसाचा शेंडा फेकू नका, परड्यात लावा

नमस्कार मंडळी! आज सकाळीच बाजारातून हा अननस आणलाय. कापायच्या आधी याचा शेंडा काढून घेतो. सुरी नको, असा घट्ट धरून पिळायचा. निघाला बघा.

आता खालची पानं एकेक करून सोलतो. (कॅमेरा शेंड्याच्या बुडाजवळ.) ही तपकिरी बारीक टिंबं दिसतात? ती मुळं आहेत! फळ झाडावर असतानाच तयार झालेली, फक्त मातीला टेकायची बाकी.

पण लगेच लावू नका. चार-पाच दिवस सावलीत ठेवा, जखम सुकू दे. माझा पहिला शेंडा मी आमच्या बेळगावातल्या वडगावकडच्या काळ्या, भाताच्या जमिनीत लावला होता, तोही ऐन जुलैत. महिन्याभरानं मधलं पान जरा ओढलं, तर सबंध पोंगाच हातात आला. बुडाला आंबूस वास. फार वाईट वाटलं. अननसाची मुळं वरच्यावरच पसरतात, त्यांना साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. खानापूरकडची तांबडी, आंबट म्हणजे आम्लधर्मी, पाणी झिरपून जाणारी माती याला मानवते. शहरात काळी माती असेल तर उंच वाफा करा, नाहीतर कुंडीत लाल माती, वाळू आणि शेणखत घाला.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात भारतात आणलं, आणि 'अननस' हे नावही तिथल्याच तुपी लोकांच्या भाषेतून आलं. पानं पन्हाळीसारखी असतात. दव पडलं, सर आली की पाणी घरंगळत थेट बुडाशी जातं. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हे झाड रात्री श्वास घेतं. दिवसा उन्हात पानांची छिद्रं बहुतेक मिटलेली. रात्री गारवा आला की ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याची साखर होते. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हातही याला थोडक्या पाण्यावर भागतं. प्रेमापोटी रोज तांब्या ओतू नका.

आता या फळाकडे बघा. हा एकेक डोळा म्हणजे एकेक फूल होतं. शंभर-दोनशे जांभळट फुलं, खालून वर रोज थोडी थोडी उमलतात आणि सगळी एकमेकांत मिसळून एकच फळ होतं. डोळ्यांच्या तिरक्या ओळी मोजा. एका बाजूनं आठ, दुसऱ्या बाजूनं तेरा. मुलांना मोजायला लावा, रमतात.

शेंड्यापासून फळ यायला दीड-दोन वर्षं लागतात. त्यातले फूल ते फळ हे पाच-सहा महिने. झाड चांगलं मोठं झालं आणि तरी फुलेना, तर एक उपाय आहे. अटलांटिक महासागरातल्या, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर एकोणिसाव्या शतकात काचगृहात धूर कोंडला आणि आतले अननस एकदम फुलले. धुरातल्या इथिलीन वायूचा तो परिणाम. तोच वायू पिकल्या केळ्यातूनही निघतो. झाडाजवळ दोन पिकली केळी ठेवून वर पिशवी झाका, चार-पाच दिवस राहू दे.

फळ झाडावरच पिकू द्या. काढल्यावर रंग बदलेल, मऊ पडेल, पण गोडी वाढत नाही. बुडाकडून पिवळं व्हायला लागलं आणि परड्यात शिरल्याबरोबर वास आला, की उतरवा.

एका खोडाला फळ एकदाच. पण केळीला मुनवे येतात तसे याच्याही बुडाशी फुटवे येतात. त्यातला एखादा जोमदार तसाच राहू द्या, बाकीचे काढून दुसरीकडे लावा. शेंड्यापेक्षा ते लवकर फळतात.

चला, हा शेंडा खिडकीत सुकत ठेवतो. चार दिवसांनी कुंडी घेऊन इथंच बसू.