चाक फसलं की आधी वहीत

(दृश्य: पत्र्याचं लांबट शेड. दाराशी चार सायकली, भिंतीला टेकवलेला फवारणीचा पंप.)

सकाळी पावणेआठला शेडचं कुलूप मावशी काढतात. मग झाडू. टेबलांखालून, वायरींच्या गुंत्याला वळसा घालून, थेट दारापर्यंत. मधल्या हौदाला मात्र त्या हात लावत नाहीत. हौद सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, नडगी बुडेल इतका खोल. त्यात पाणी नाही, बारीक राखी भुकटी आहे.

“तिथली माती झाडायची नाई म्हंतेत सर,” मावशी सांगतात. “लय जपतेत तिले. आमच्या वावरातल्या मातीले कोनी इतकं जपलं नाई.”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर, कॉलेजच्या मागच्या अंगाला, ही अवकाश रोबॉटिक्सची प्रयोगशाळा आहे. दोन प्राध्यापक, अकरा विद्यार्थी, एक लेथवाले काका आणि मावशी, एवढाच संसार. इथून चंद्रावर काही गेलेलं नाही, आणि लवकर जाईल असंही कुणी म्हणत नाही. ‘खेड्यातून थेट चंद्रावर’ अशी बातमी एकदा छापून आली होती. ते कात्रण सरांनी फळ्यावर लावू दिलं नाही. इथं काम चालतं ते एकाच प्रश्नावर: मऊ मातीत चाक फसतं कसं, आणि फसलं तर निघतं कसं.

(दृश्य: मुठीतून सुटणारी भुकटी, अगदी जवळून.)

ही भुकटी गिट्टी क्रशरवरची. क्रशरवाले तिला डस्ट म्हणतात. या भागातला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि चंद्रावर आपल्याला जो ससा दिसतो, ते काळपट डागही बेसाल्टचेच. सुरुवातीला हौदात नदीची वाळू होती. चाचणीची गाडी त्यावर अशी झकास पळाली की पोरांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळी वाळू उपसायला लावली. नदीतला कण पाण्यानं घासून गोल झालेला असतो. चंद्रावर ना वारा, ना पाणी, त्यामुळे तिथल्या कणांच्या कडा काचेसारख्या धारदार राहतात. क्रशरची डस्ट त्याच्या जरा जवळ जाते. जराच. चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी इस्रोनं तमिळनाडूत सेलमजवळच्या सीतमपुंडीचा अ‍ॅनॉर्थोसाइट दगड दळून घेतला होता, कारण यान उतरणार होतं ते चंद्राच्या उंच, उजळ, अशाच दगडाच्या भागात. इथं तो दगड आणणं परवडत नाही. मग वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: ‘आपली माती खरी नाही, हे विसरायचं नाही.’

हौदावर आढ्याला एक कप्पी टांगलीय. जुन्या विहिरीच्या रहाटाची. दोराच्या एका टोकाला १२ किलोची सहाचाकी गाडी, दुसऱ्याला युरियाच्या रिकाम्या गोणीत १० किलो वाळू. चाकांवर भार उरतो २ किलोचा, म्हणजे सहावा हिस्सा. चंद्रावर गाडीचं वजन तेवढंच भरेल. पण गाडी हलकी झाली तरी खालची माती पृथ्वीच्याच वजनाची राहते. हा हिशेब अजून पुरता सुटलेला नाही आणि त्यावरून आठवड्यातून एकदा तरी वाद होतो.

आज चालवायची पाळी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीची. ती बसते बाजूच्या खोलीत, हौदाकडे पाठ करून. समोर फक्त स्क्रीन. पृथ्वीवरून चंद्रापर्यंत संदेश पोचायला साधारण १.३ सेकंद लागतात, म्हणून कॅमेऱ्याचं चित्रही तेवढं अडवून धरलेलं आणि तिची आज्ञाही. चाक जागच्या जागी फिरतंय, हे तिला दिसेपर्यंत एक उशीर. तिनं थांबवलेलं गाडीला कळेपर्यंत दुसरा. तेवढ्यात चाक बोटभर खाली गेलेलं असतं.

(दृश्य: रुतलेलं चाक. मुलं फूटपट्टी लावतात. कुणीही गाडी उचलत नाही.)

चाक फसलं की गाडीला हात लावायचा नाही. आधी वही. मोटरीतला एन्कोडर सांगतो चाक किती फिरलं, वरचा कॅमेरा सांगतो गाडी किती सरकली. चाकाच्या हिशेबानं १ मीटर आणि कॅमेऱ्याच्या हिशेबानं ४० सेंटीमीटर, तर घसरण ६० टक्के. एक पोरगा शेतकऱ्याचा. तो म्हणाला, “बंडी फसली का पहिले बैल थांबवतेत सर. मारलं का अजून रुतते.” सर म्हणाले, बरोबर आहे, आता आकडा सांग. किती घसरण झाली की थांबवायचं? पोराला त्या दिवशी सांगता आलं नाही. त्याचा आता प्रोजेक्टच तो आहे.

नासाच्या स्पिरिटची गोष्ट इथं घरातल्या माणसासारखी सांगतात. ९० दिवसांसाठी मंगळावर पाठवलेला हा रोव्हर पाच वर्षं हिंडला, २००९ मध्ये मऊ मातीत रुतला. त्याचं एक चाक आधीच निकामी होतं. इकडे कॅलिफोर्नियात माणसांनी तशीच माती कालवून, तसाच रोव्हर त्यात फसवून महिनोन्‌महिने वाटा शोधल्या. निघाला नाही. २२ मार्च २०१० ला त्याचा शेवटचा संदेश आला. दुसरीकडे आपला चांद्रयान-३ चा रोव्हर प्रज्ञान: २६ किलो वजन, सेकंदाला साधारण एक सेंटीमीटर चाल. २७ ऑगस्ट २०२३ ला तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला, तर त्याला आल्या वाटेनं मागे फिरवलं. बातम्यांत ती ओळभर होती. इथं त्यावर अख्खी दुपार गेली.

(दृश्य: लेथ. लोखंडाचे वेटोळे पडतायत.)

लेथवाले काका गावात ट्रॅक्टरची कामं करतात, इथं आठवड्यातून दोन दिवस येतात. चाकावरच्या पट्ट्या त्यांनीच कातल्या. त्यांना आवडते अपोलो १७ ची हकिकत. डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावर अंतराळवीर सर्नननं चुकून आपल्याच गाडीचं मडगार्ड तोडलं, अंगावर धूळ उडायला लागली, तर चार नकाशे टेपनं जोडून, चिमटे लावून नवं मडगार्ड केलं. “आता याले काय म्हंसान?” काका विचारतात. जुगाड हा शब्द मात्र सरांना चालत नाही. एकदा चाललं त्याचं कौतुक नाही, शंभरदा चालतं का ते दाखवा, असं ते म्हणतात. काका हसतात आणि पुढची पट्टी लावतात. खरं सांगायचं तर दोघांचंही पटतं.

कामाला इथं ऋतू आहेत. पेरणीत आणि कापसाच्या वेचणीत निम्मी मुलं नसतात, त्याबद्दल कुणी विचारतही नाही. मुलींना संध्याकाळची एसटी गाठायची असते, म्हणून लांबलचक चाचणी दुपारनंतर लावत नाहीत. आणि लाइट. लाइट असेल तेव्हा काम. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला तेव्हा प्रोजेक्टर लावून गाव गोळा केलं होतं. सहाला चार-पाच मिनिटं असताना लाइट गेली. सहा वाजून चार मिनिटांचा तो क्षण साठेक माणसांनी एका मोबाइलवर पाहिला. पाहिला म्हणजे बहुतेकांनी ऐकला.

लोकांना या शेडचं कुतूहल आहे, थोडा संशयही. २०२२ च्या गुढीपाडव्याला चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं, बहुधा चिनी रॉकेटचा तुकडा. अजूनही कुणीतरी हळूच विचारतं, “ते कडं तुमचंच होतं काय जी?”

तान्ह्या पोळ्याला पोरांनी गाडीही रांगेत उभी केली. पुढे-मागे चिल्ल्यापिल्ल्यांचे लाकडी बैल, मध्ये सहा चाकं, गळ्यात बेगड. आदल्या रात्री पाऊस झालेला. मारुतीच्या पारापासून दहा फुटांवर ओली काळी माती पट्ट्यांत अशी भरली की चाकांचे लाडू झाले. गाडी जागेवर खिळली. दोरीनं ओढलेले लाकडी बैल टकटक करत बाजूनं निघून गेले. त्या दिवशीचीही नोंद वहीत आहे: तारीख, ओल, अंतर.

(दृश्य: संध्याकाळ. मुलगी वही मिटतेय. एसटीचा हॉर्न.)

मावशी दार लावायला येतात. रोजचा प्रश्न असतोच.

“किती चालली आज?”

“सव्वादोन मीटर, मावशी.”

“काल तं तीन गेली होती.”

“काल सपाट होतं. आज चढ केला.”

मावशी हौदात वाकून बघतात. चढावर सहा चाकांच्या खुणा, मध्येच एक खोल खळगा. कडेला सांडलेली चिमूटभर भुकटी त्या पदरानं नाही, हातानं गोळा करतात आणि पुन्हा आत टाकतात.